पिकअपसाठी सस्पेन्शन लिफ्ट आणि मोठे टायर : आधी काय ठरवावे?

आडवाट यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे डबल कॅबची, लॅडर फ्रेमवर (शिडीच्या आकाराच्या चासीवर) बांधलेली फोर-बाय-फोर पिकअप आहे. पुढे कॉइल स्प्रिंगचे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तर मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. कंपनीकडून आलेले टायर २६५/६५ आर १७ या मापाचे (रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंची) आहेत. आठवडाभर गाडी डांबरी रस्त्यावर मध्यम ओझे घेऊन धावते, पण सुट्टीच्या दिवशी मी तिला दगडगोट्यांच्या आणि खोल चाकोऱ्यांच्या वाटांवर नेतो. अशा वाटांवर ती दोन ठिकाणी टेकते : पुढे इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याला आणि मागे डिफरन्शिअलच्या (दोन्ही चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरच्या) गोळ्याला.

३ इंचांची लिफ्ट करून, म्हणजे गाडी तेवढी उंच करून, २८५/७० आर १७ मापाचे टायर बसवावेत, असा माझा विचार आहे. लिफ्टसाठी मला तीन मार्ग सुचवले गेले : पुढच्या स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकच्या जोडीवर) स्पेसर म्हणजे जाड चकती आणि मागे अ‍ॅक्सलवर ठोकळे, नवे स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर व वरचे कंट्रोल आर्म (चाकाला चासीशी जोडणारे दांडे) असलेला पूर्ण संच, किंवा चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून केलेली बॉडी लिफ्ट. यांतला कोणता मार्ग घ्यावा, आणि लिफ्ट आधी ठरवावी की टायर, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पानापकड यांचे उत्तर

टायर आधी ठरवा. लिफ्ट त्या टायरपुरतीच करावी, त्याहून अधिक करू नये. कारण सांगतो.

आपण टेकण्याच्या ज्या दोन जागा लिहिल्या आहेत, त्यांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. इंजिनखालचा पत्रा चासीला जोडलेला असतो, त्यामुळे सस्पेन्शन लिफ्ट केल्यावर तो खरोखरच वर जातो. मागचा डिफरन्शिअल मात्र अ‍ॅक्सलमध्येच असतो आणि अ‍ॅक्सल चाकांवर उभा असतो, म्हणून ३ काय, ६ इंचांची लिफ्ट केली तरी तो गोळा जमिनीपासून पूर्वीइतक्याच उंचीवर राहील. त्याला उचलतो तो फक्त मोठा टायर, आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्माच. आपल्या सध्याच्या टायरचा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर आहे आणि २८५/७० चा सुमारे ८३१, म्हणजे ५५ मिलिमीटरच्या वाढीतून डिफरन्शिअलखाली जेमतेम २७ मिलिमीटर मिळतील. २६५/७० घेतला, तर व्यास ८०३ होतो आणि मिळकत १३ मिलिमीटरची. बॉडी लिफ्टने तर यांपैकी काहीच वर जात नाही, कारण चासी आहे तिथेच राहते. तिचा उपयोग मडगार्डात जागा करण्यापुरताच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि लिफ्टचे संच विकणारे ती सहसा सांगत नाहीत. लिफ्टमुळे टायरला जागा होते, असा सर्वसाधारण समज आहे. उभ्या गाडीत मडगार्ड आणि टायर यांमधली फट वाढलेली दिसते हे खरे, परंतु खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबते, तेव्हा चाक बंप स्टॉपला (सस्पेन्शनची हालचाल थांबवणाऱ्या रबरी अडणीला) टेकेपर्यंत वर येते आणि बंप स्टॉप जागचा हललेला नसतो. म्हणजे जो टायर लिफ्टशिवाय घासला असता, तो लिफ्टनंतरही घासणारच, फक्त जरा कमी वेळा. स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना टायरचा मागचा खांदा बॉडी माउंटला किंवा मडगार्डाच्या आतल्या प्लॅस्टिकला लागतो, ती जागाही लिफ्टने फारशी बदलत नाही. तिथे रिमचा ऑफसेट, म्हणजे रिम हबपासून किती आत किंवा बाहेर बसते ते, निर्णायक ठरतो. बाहेर येणारी रिम घेतली, की वळताना टायर मोठ्या कंसात फिरतो आणि नेमका मागच्या कोपऱ्यात घासतो.

हे आधीच तपासता येते. घ्यायच्या मापाचा एक टायर आपल्याच रिमवर चढवून घ्या, त्याच्या खांद्यांना खडू चोळा, ते चाक उतारफळीवर चढवून सस्पेन्शन दाबा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना हळूहळू फिरवा. खडू कुठे उमटला ते पाहिल्यावर पुढची चर्चा अंदाजाने करावी लागत नाही.

राहिला प्रकार निवडण्याचा प्रश्न. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये साधारण २ इंचांपलीकडे गेल्यास अडचणींची साखळी सुरू होते. चाक खाली लोंबकळते तेव्हा वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आपल्या मर्यादेला टेकतो, कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी झाल्यामुळे वेगात स्टिअरिंग सरळ राहत नाही आणि वळणानंतर आपसूक परतत नाही, तर ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढल्याने सीव्ही जॉइंटच्या (शाफ्टच्या वळत्या सांध्याच्या) रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासू लागतात. बूट फाटला, की रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचा काळा फवारा उडालेला दिसतो; तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून ३ इंच हवेच असतील, तर वरचे आर्म आणि व्हील अलाइनमेंट हे खर्चात आधीच धरा. मागे ठोकळा घालायचा असेल तर एकच घालावा, ठोकळ्यावर ठोकळा कधीही चढवू नये. यू-बोल्टही जुने न वापरता नवे घ्यावेत आणि काही दिवस गाडी चालवल्यावर पुन्हा आवळावेत.

गिअरवाला यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, केवळ इंजिन आणि ब्रेक यांची बाजू जोडतो. २८५/७० चा व्यास ७ टक्क्यांनी जास्त आहे. आपल्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीमागे प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या) ३.७३ असेल, असे उदाहरणादाखल धरू. मोठ्या टायरमुळे ते ३.४९ असल्यासारखे वागेल. रिकाम्या गाडीत हे खपून जाईल. ओझे भरून चढ चढताना मात्र गिअर वारंवार खाली आणावा लागेल, ऑटोमॅटिक असल्यास गिअरबॉक्स दोन गिअरांमध्ये घुटमळत राहील आणि त्याचे तेल तापेल. मूळ ओढ परत मिळवायची, तर डिफरन्शिअलमध्ये ३.९९ च्या आसपासचे, म्हणजे बाजारात मिळणाऱ्यांपैकी बहुधा ४.१० चे गिअर घालावे लागतील, आणि फोर-बाय-फोर असल्यामुळे पुढच्या व मागच्या अशा दोन्ही डिफरन्शिअलमध्ये. हे काम स्वस्त नसते.

ब्रेकचेही तेच. चाकाची त्रिज्या वाढली की तेवढाच थांबवण्याचा जोर मिळवण्यासाठी डिस्कवर ७ टक्के अधिक ताकद लागते, आणि जड टायरचे वजन हबपासून दूर असल्यामुळे त्याचे फिरणे थांबवायला वेगळी ताकद खर्च होते. म्हणून टायर निवडताना व्यासाबरोबर वजनही विचारून घ्या. भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा अंक) मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ११२ म्हणजे प्रत्येक टायरमागे ११२० किलो. एलटी (हलक्या ट्रकसाठीच्या) प्रकारचा टायर घेतल्यास तोच भार पेलायला त्यात हवेचा दाब अधिक ठेवावा लागतो, त्यामुळे दारावरच्या पट्टीवरचा आकडा त्याला जसाच्या तसा लावू नये.

हौदाभर यांचे उत्तर

माझी गाडी कायम माल वाहते, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. बरेच जण स्पेसरला सरसकट नावे ठेवतात, ते मला पटत नाही. पुढचे टोक मागच्यापेक्षा किंचित खाली असते, ते सपाटीला आणण्यापुरता पातळ स्पेसर बसवला तर काही बिघडत नाही. स्ट्रट आर्मच्या मध्यावर कुठेतरी जोडलेला असतो, म्हणून १ इंचाचा स्पेसर चाकापाशी दीड ते दोन इंच उंची देतो, एवढे लक्षात ठेवावे. लोक येथेच फसतात आणि २ इंची स्पेसर आणून ठेवतात.

मागच्या बाजूची एक गोष्ट मात्र कोणी लिहिली नाही. पाट्यांच्या बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकसाठी ओझ्यानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. तो चासीवर बसवलेला असतो आणि एका दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. चासी अ‍ॅक्सलपासून दूर गेली, म्हणजे हौदा रिकामा आहे, असे त्याला वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. लिफ्टनंतर दांडीचा ब्रॅकेट तेवढाच सरकवला नाही, तर भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक अर्धवट लागतात. गाडीखाली वाकून पाहा; दांडी दिसली तर काम देताना मेकॅनिकला स्पष्ट सांगा. प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल, तर भरलेली गाडी जागेवरून उचलताना थरथर जाणवते का, हेही पाहा. तसे झाल्यास मधले बेअरिंग किंचित खाली घेतात.

आडवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी २६५/७० आर १७ चे ऑल टेरेन टायर, मूळ रिम आणि पुढे-मागे २ इंचांच्या आत उंची देणारे नवे स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर घेण्याचे ठरवत आहे. दोन शंका उरल्या. मागचे पाटे जड ओझ्याचे घ्यावेत का? आणि एवढ्याशा फरकासाठी स्पीडोमीटरची दुरुस्ती आवश्यक आहे का?

पानापकड

पाटे हौद्यात कायम राहणाऱ्या वजनावरून घ्या, कधीमधी भरल्या जाणाऱ्या वजनावरून नव्हे. कायम ३०० किलो असणार नसतील आणि पाटे ३०० किलोंचे घेतले, तर रिकामी गाडी मागून उड्या मारेल आणि ओल्या वळणावर मागचे चाक पकड सोडेल. अधूनमधूनच्या ओझ्यासाठी मधल्या श्रेणीचे पाटे पुरेसे आहेत.

स्पीडोमीटरचे म्हणाल, तर व्यासातला फरक ३.४ टक्क्यांचा आहे, म्हणजे काटा १०० दाखवेल तेव्हा वेग पूर्वी त्याच काट्यावर असायचा त्यापेक्षा तेवढाच जास्त असेल. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीनुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवू नये, म्हणून कंपन्या तो सहसा थोडा जास्त दाखवणारा ठेवतात आणि आपला फरक बहुधा त्यात सामावेल. तरीही जीपीएसशी एकदा ताडून पाहा. इंधनाचा हिशेब करताना मात्र ओडोमीटर आता प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर मोजतो हे विसरू नका. मीटरवरच्या अंतरात ३.४ टक्के मिळवल्याशिवाय नव्या टायरने मायलेज किती खाल्ले ते कळणार नाही. स्टेपनीही त्याच मापाची घ्या आणि ती हौद्याखालच्या जागेत बसते का ते आजच टेपने मोजा. फोर-बाय-फोर लावलेले असताना एक चाक लहान असेल, तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो.