पॅसेजमधल्या कपाटाचा दंड सभासद भरत नाही

प्रश्न (मुलुंडचा सेक्रेटरी): ४८ फ्लॅटची नोंदणीकृत सोसायटी. तिसऱ्या मजल्यावर एकांनी पॅसेजमध्ये चपलांचं कपाट ठेवलंय. तोंडी सांगून झालं. कमिटीने महिना ५०० रुपये दंड मेंटेनन्स बिलात टाकला, तर ते दंड वजा करून चेक देतात. थकलेल्या दंडावर २१ टक्के व्याज लावतोय. पाणी तोडा, असंही काही जण म्हणतात. काय करावं?

उपविधीवाला: पाण्याला हात लावू नका, तो अधिकार सोसायटीला नाही. उलट तुमच्यावरच तक्रार होईल. दंड कमिटीने परस्पर लावला, तिथेच गाडी घसरली. आदर्श उपविधी (सोसायट्यांसाठी सरकारने दिलेली नमुना नियमावली) १६५ नुसार आधी नोटीस, मग म्हणणं मांडायची संधी, आणि दंड ठरवणार सर्वसाधारण सभा. एका नियमभंगाला आर्थिक वर्षात कमाल ५,००० रुपये. तुमचे ५०० गुणिले १२ म्हणजे ६,००० होतात! हा दंड आणि त्यावरचं व्याज बिलातून काढा, नव्याने सुरू करा.

मुलुंडचा सेक्रेटरी: एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) सप्टेंबरात आहे. तोवर थांबायचं?

उपविधीवाला: कशाला? विशेष सभा पाच पूर्ण दिवसांच्या नोटिशीवर घेता येते. विषय अजेंड्यावर छापा. 'आयत्या वेळचे विषय'मध्ये घुसवलेला ठराव पहिल्याच तक्रारीत उडतो.

दादरकर: नोटिशीत नुसतं 'नियमभंग केला' लिहू नका. 'तिसरा मजला, जिन्याच्या दारालगत, चार फुटी लाकडी कपाट, होजरीलच्या (आग विझवायच्या पाण्याच्या नळीच्या) पेटीसमोर, अमुक दिवसांत हलवा' असं लिहा. तारखेचा फोटो जोडा. पोच सही घ्या. सही नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवा. आणि पाचव्या मजल्यावरच्या कमिटी मेंबरची सायकल पॅसेजमध्ये असेल तर तीही आधी हलवा. बहुतेक सुनावण्या 'मलाच का?' या प्रश्नावर अडकतात.

वसुलीतज्ज्ञ: दंड आणि मेंटेनन्स यांची खिचडी करू नका. थकीत मेंटेनन्ससाठी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळतो. त्या हिशेबात वादग्रस्त दंड मिसळलात, तर समोरचा आकड्यावरच हरकत घेतो आणि सरळ वसुलीही रखडते. दंडाचा वाद त्याच कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात न्या. पण खरं तर इथे पैशांपेक्षा कपाट हलणं महत्त्वाचं. होजरील अडत असेल तर अग्निशमन दलाला लेखी कळवा, २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली ते नोटीस काढू शकतात. फक्त तुमचा जानेवारी-जुलैचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला) भरलेला आहे ना, ते आधी तपासा. ते आले की तोच पहिला मागतात.