मदत हवी आहे: सर्व्हेत सगळे खूश, मग माणसं सोडून का जातायत?

मंडळी, मी चौदा जणांची टीम सांभाळते. मागच्या सर्व्हेत आमचा ईएनपीएस चांगला आला, म्हणजे "ही कंपनी मित्राला सुचवाल का" याला ० ते १० पैकी ९-१० देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ० ते ६ वाल्यांची टक्केवारी वजा करतात तो आकडा, आणि त्यानंतर तीन महिन्यांत तिघांनी राजीनामे दिले, तिघंही मनापासून काम करणारे.

त्यातली एक शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा करताना म्हणाली, "ताई, फॉर्म निनावी आहे म्हणतात, पण टीमचं नाव आणि किती वर्षं झाली हे भरलं की कोण ते कळतंच ना." ते ऐकल्यापासून झोप लागत नाहीये मला, खरंच.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ मध्येच मांडलंय की पगार, नियम, सुविधा नीट असल्या तर नाराजी कमी होते पण समाधान येतं ते कामातून, कौतुकातून, जबाबदारीतून. आमच्याकडे मात्र सगळा भर सुविधांवरच, आणि रात्री अकराला मेसेज आला की लगेच उत्तर द्यायचं हे कुणी सांगितलेलं नाही तरी सगळे देतात (मीसुद्धा देते, ते आता बंद करणारे).

तर विचारायचंय की सर्व्हे सोडून लोकांच्या मनातलं कसं काढून घेता तुम्ही? माणूस जाताना विचारण्यापेक्षा असतानाच विचारायचं तर सुरुवात कशी करायची, आणि आपल्याच टीम लीडसमोर कुणी खरं बोलेल का? ज्यांनी केलंय त्यांनी नक्की काय विचारलं तेवढं लिहा प्लीज.