तीन कस्टमर, तीन फॉरमॅट: एकच ओपन स्टँडर्ड चालेल का?

रबाळे_बॉक्सवाला
नमस्कार मंडळी, रबाळे एमआयडीसीत आमचं कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे. एका कस्टमरची पीओ (खरेदीची ऑर्डर) मेलवर पीडीएफ येते, दुसऱ्याची पोर्टलवरून काढायची, आणि तिसरा आता म्हणतोय ईडीआय (कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर थेट कागदपत्रं) द्या नाहीतर रेट कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नाही. ऑफिसात सगळं परत टॅलीत टाइप होतं आणि तोवर भरलेला टेम्पो गेटवर उभा. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसचा जेसन (बिलाची डेटा फाइल) असतोच, तोच सगळ्यांना पाठवला तर भागेल का? का यूबीएल म्हणतात ते, धंद्याच्या कागदपत्रांचं ओपन एक्सएमएल स्टँडर्ड, बघायला लागेल?

महापे_ईआरपी
दादा, तो जेसन फक्त बिलापुरता. पीओ, ऑर्डर कन्फर्मेशन, डिस्पॅच अ‍ॅडव्हाइस, माल मिळाल्याची पोच यातलं काहीच त्यात नाही, आणि तुमचा टेम्पो तर बिलाच्या आधीच अडकतोय. यूबीएल 2.1 मध्ये हे सगळं धरून 65 डॉक्युमेंट आहेत, 2015 पासून ते आयएसओ 19845 पण आहे, ते काढणाऱ्या ओएसिस संस्थेच्या साइटवर फुकट मिळतं. आपल्या ई-इन्व्हॉइसचा स्कीमा (फील्डची रचना) करताना पण यूबीएल आणि पेपॉलचाच (यूबीएल वापरणारं ई-बिलांचं आंतरराष्ट्रीय नेटवर्क) आधार घेतलाय, त्यामुळे बरीच फील्ड ओळखीची वाटतील. पण तिसऱ्याला आधी विचारा, ईडीआय म्हणजे नक्की काय, एडिफॅक्ट का एक्स12 (ईडीआयची दोन वेगळी स्टँडर्ड)? त्यांची इम्प्लिमेंटेशन गाइड मागून घ्या, एकच मेसेज प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने भरते.

वागळे_परचेस
मी घेणाऱ्या बाजूला आहे, वागळे इस्टेटला, म्हणून सांगते. फॉरमॅट जमतो हो, भांडण होतं ते मोजमापाच्या युनिटवरून. आमच्या पीओत नग होते, सप्लायरने डिस्पॅचमध्ये 40 टाकले ते बंडल, सिस्टीमने 40 नगच धरले आणि त्याचं बिल होल्डवर गेलं, बिचाऱ्याचा माल मात्र पूर्ण आला होता. यूबीएलमध्ये आकड्याबरोबर युनिटचा कोड टाकता येतो, तो टाकाच. फक्त जीएसटीत किलोला केजीएस आणि यूबीएलमध्ये सहसा जी यूएनची यादी वापरतात तिच्यात केजीएम, त्यामुळे एक मॅपिंगचा तक्ता आधी करून ठेवा. आयटम कोडचं पण तसंच, तुमचा, कस्टमरचा आणि जीएस1चा (बारकोडवाली संस्था) असे तीन वेगळे रकाने आहेत, निदान पहिले दोन भराच.

ऐरोली_सीए
माझं मत जरा वेगळं. तीनच कस्टमरसाठी सगळं यूबीएलवर न्यायची घाई नको, पीडीएफवाला त्याच्या बाजूने एक्सएमएल घेणारच नसेल तर तुम्ही पाठवून उपयोग काय? ईडीआयवाल्यापुरता सर्व्हिस प्रोव्हायडर घ्या. मात्र तुमच्या टॅलीतून निघणारा डेटा यूबीएलच्याच रचनेत ठेवून घ्या, स्वतःचा चौथा फॉरमॅट काढू नका, उद्या प्रोव्हायडर बदलला तर सगळं परत करायला लागेल.

रबाळे_बॉक्सवाला
मनापासून आभार सगळ्यांचे. ताई, आमच्याकडे 20 आणि 25 दोन्हीची बंडलं असतात, मग काय करायचं?

वागळे_परचेस
मग ऑर्डर, डिस्पॅच, बिल तिन्हीकडे नगच ठेवा. बंडल किती ते डिस्पॅचमध्ये पॅकिंगच्या माहितीत वेगळं जातं, आमच्या स्टोअरवाल्याला गाडी उतरवताना तेच लागतं.