'ग्रब रेस्क्यू' दिसले, तर आधी संदेश वाचावा की सरळ नव्याने इन्स्टॉल करावे?

कळवेकर (धाग्याचे लेखक)

आमच्या कळव्यातील संकुलाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी सहा जुने संगणक ठेवलेले आहेत आणि त्यांवर विंडोजच्या शेजारी लिनक्स आहे. मागच्या रविवारी त्यांपैकी एक सुरू केला, तेव्हा काळ्या पडद्यावर 'एरर: नो सच पार्टिशन' ही ओळ आणि तिच्याखाली 'ग्रब रेस्क्यू' एवढेच उमटले. (ग्रब म्हणजे संगणक सुरू होताना लिनक्स किंवा विंडोज चढवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजेच बूट लोडर.) मदतीला आलेल्या तरुणाने खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि "फॉरमॅट मारू, अर्ध्या तासात चालू होईल" असे सांगितले. त्याचा हेतू चांगलाच होता. परंतु त्या डिस्कवर दोन मुलींची वर्षभराची टिपणे होती, म्हणून मी त्याला थांबवले.

चौकशी केल्यावर कळले की, आदल्या दिवशी कोणीतरी विंडोजमधून एक रिकामे वाटणारे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) पुसले होते. जुन्या एमबीआर पद्धतीच्या (पहिल्या सेक्टरमध्ये भागांची नोंद ठेवणाऱ्या) डिस्कवर लॉजिकल, म्हणजे एका मोठ्या भागाच्या आत केलेल्या, पार्टिशनचे क्रमांक पाचपासून सुरू होतात आणि मधले एक काढले की त्याच्या पुढच्यांचे क्रमांक एकेकाने खाली सरकतात. आमचे लिनक्स सहाव्या क्रमांकावर होते, ते पाचवर आले. त्या डिस्कचा पहिला सेक्टर (डिस्कवरील सर्वांत लहान कप्पा) ५१२ बाइटचा असतो आणि त्यातील बूट कोडच्या वाट्याला जेमतेम ४४६ बाइट येतात, त्यामुळे ग्रबचा तो पहिला तुकडा पुढच्या तुकड्याला हाक मारण्यापलीकडे काही करू शकत नाही. पुढच्या तुकड्यात 'माझ्या उरलेल्या फायली सहाव्या पार्टिशनवर आहेत' असे इन्स्टॉल करतानाच कोरलेले होते. सहावे पार्टिशन आता नव्हते, आणि संदेश नेमके तेच सांगत होता. डिस्कवरील लिनक्सला धक्काही लागलेला नव्हता.

मी 'एलएस' देऊन पार्टिशनची यादी पाहिली, पाचव्यात 'बूट' फोल्डर असल्याची खात्री केली, 'सेट' आज्ञेने ग्रबने फायली कोठे शोधायच्या हे सांगणाऱ्या प्रीफिक्स आणि रूट या दोन्ही किमती 'एचडी०,एमएसडॉस५'कडे, म्हणजे पहिल्या डिस्कच्या पाचव्या पार्टिशनकडे, वळवल्या, 'इन्समॉड नॉर्मल' आणि नंतर 'नॉर्मल' असे टाइप केले. नेहमीचा मेनू समोर आला. लिनक्स उघडल्यावर टर्मिनलमध्ये 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' चालवून हा बदल कायमचा केला. एवढ्याने काम झाले आणि टिपणे जागच्या जागी राहिली.

माझे म्हणणे असे आहे की, बूट लोडरचा संदेश ही यंत्र कोणत्या पायरीवर थांबले याची नोंद असते, आणि ती न वाचता कोणतीही दुरुस्ती सुरू करणे चुकीचे आहे, मग ती दुरुस्ती हाताने केलेली असो, एखाद्या साधनाने असो किंवा नव्या इन्स्टॉलेशनने. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी कारणांसह लिहावे.

महापेकर

मला हे पटत नाही. मी महापे एमआयडीसीतील एका छोट्या कंपनीत संगणक सांभाळतो. आपल्याला तो संदेश कळला, कारण एमबीआर, लॉजिकल पार्टिशन आणि प्रीफिक्स या गोष्टी आपल्याला आधीपासून ठाऊक होत्या. सामान्य वापरणाऱ्याला त्या ठाऊक नसतात आणि सकाळी नऊ वाजता काम अडलेले असताना तो त्या शिकत बसणार नाही. त्याने होम पार्टिशन (स्वतःच्या फायलींचा भाग) वेगळे ठेवलेले असेल आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे असेल, तर नव्याने इन्स्टॉल करणे हाच ठराविक वेळात संपणारा आणि निकालाची खात्री असलेला मार्ग आहे.

हाताने केलेल्या दुरुस्तीत धोका कमी असतो हे गृहीतकही मला मान्य नाही. माझ्या एका सहकाऱ्याने लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालते) संगणक सुरू केला, इंटरनेटवर वाचलेली आज्ञा जशीच्या तशी टाइप केली आणि 'एसडीए' ही डिस्क निवडली. त्या वेळी 'एसडीए' हे नाव पेन ड्राइव्हला मिळालेले होते. ग्रब पेन ड्राइव्हवर बसले, आतली डिस्क होती तशीच राहिली, आणि पेन ड्राइव्ह बाहेर काढल्यावर काहीच का बदलले नाही हे शोधण्यात त्याची दुपार गेली. दुसऱ्या वेळी त्याने यूईएफआयच्या, म्हणजे नव्या पद्धतीचे फर्मवेअर (मदरबोर्डवरील सुरुवातीचा प्रोग्रॅम) असलेल्या यंत्रावर लाइव्ह पेन ड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने सुरू केला होता, त्यामुळे ग्रबचा चुकीचा प्रकार बसला. बूट लोडर दुरुस्त करणारे 'बूट-रिपेअर'सारखे साधन पार्टिशन स्वतः तपासते आणि असे घोटाळे बऱ्याच अंशी टाळते.

वाशीकर

महापेकरांनी सांगितलेल्या दोन्ही चुका खऱ्या आहेत आणि नेहमी होतात. तरीही त्या चुका संदेश वाचल्यामुळे झालेल्या नाहीत, त्या न वाचता आज्ञा उतरवून घेतल्यामुळे झालेल्या आहेत. 'एलएसबीएलके' या आज्ञेने डिस्कचे आकार पाहिले असते, तर ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह कोणता आणि आतली डिस्क कोणती हे दोन ओळींत कळले असते. 'सिस' फोल्डरातील 'फर्मवेअर'मध्ये 'ईएफआय' फोल्डर आहे की नाही एवढे पाहिले, तर लाइव्ह पेन ड्राइव्ह कोणत्या पद्धतीने सुरू झाला आहे तेही समजते.

नव्याने इन्स्टॉल करणे हा खात्रीचा मार्ग असल्याचा दावा मात्र मी खोडून काढू इच्छितो, कारण त्याच्या विरोधातले उदाहरण अलीकडचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या मासिक अद्ययावतीनंतर दोन्ही प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले. पडद्यावर 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येत असे. ग्रबच्या जुन्या, सुरक्षेच्या दृष्टीने दुबळ्या आवृत्त्या सिक्युअर बूटमध्ये (केवळ सही पडताळलेले प्रोग्रॅम चालू देणाऱ्या व्यवस्थेत) चालू नयेत, यासाठी फर्मवेअरमध्ये साठवलेली किमान पातळी (एसबॅट) वर नेली गेली होती आणि त्या पातळीखालचा शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) स्वतःलाच नाकारत होता. अशा वेळी डिस्क पूर्ण पुसून जुन्याच आयएसओने (इन्स्टॉलेशनच्या फाइलने) पुन्हा इन्स्टॉल केले, तरी उपयोग शून्य, कारण त्या पेन ड्राइव्हवरचा शिमही तितकाच जुना असतो आणि तोसुद्धा त्याच ओळीवर थांबतो. म्हणजे फायली जाणार आणि बिघाड तसाच राहणार. संदेश वाचणाऱ्याला मात्र दिशा मिळते. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करायचे, लिनक्स उघडायचे, 'मोकयूटिल'ने एसबॅट धोरण पुसायचे, शिम आणि ग्रब अद्ययावत करायचे आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचे.

घोडबंदर रोडच्या वाचक

मी शाळेत शिकवते आणि घरी लिनक्स वापरते, परंतु आपल्यासारखी जाणकार नाही. संदेश वाचावा हे मला तत्त्वतः मान्य आहे, तरीही महापेकरांची बाजू या चर्चेत बाजूला पडू नये असे मला वाटते. काळ्या पडद्यावरची इंग्रजी ओळ पाहून माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला चार आज्ञा टाइप करायला सांगणे योग्य नाही. माझ्या लॅपटॉपवर 'फेल्युअर रीडिंग सेक्टर' असा संदेश आला होता. मी तो वाचला, ग्रब बिघडले असे समजले आणि एका वेबपानावर वाचून डिस्कची तपासणी-दुरुस्ती करणारी आज्ञा दोनदा चालवली. नंतर माहीतगाराकडून कळले की डिस्कच निकामी होत होती आणि माझ्या प्रत्येक प्रयत्नाने ती आणखी झिजत होती. काही फोटो परत मिळाले नाहीत. संदेश वाचूनही अर्थ चुकला, तर काय करायचे, याचे उत्तर धाग्याच्या लेखकांनी द्यावे.

कळवेकर

बाई, आपला प्रश्न या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा आहे आणि माझ्या पहिल्या मांडणीत त्याचे उत्तर नव्हते, हे मी मान्य करतो. 'सेक्टर वाचता आला नाही' असे ग्रब म्हणते, तेव्हा ते स्वतःबद्दल बोलत नसते, ते डिस्कबद्दल तक्रार करत असते. केबल सैल असणे किंवा फर्मवेअरला डिस्क नीट न दिसणे हीही कारणे असू शकतात, परंतु ते ठरेपर्यंत त्या डिस्कवर काहीही लिहू नये. इन्स्टॉलेशन, बूट-रिपेअर, डिस्क तपासणारी 'एफएससीके' ही आज्ञा हे सगळे डिस्कवर लिहितात. आधी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून 'स्मार्टसीटीएल'ने डिस्कची प्रकृती पाहावी, आणि ती खराब निघाली, तर 'डीडीरेस्क्यू'ने दुसऱ्या डिस्कवर प्रत घेऊन पुढचे सगळे काम त्या प्रतीवर करावे. आपले फोटो गेले याचे मला मनापासून वाईट वाटते. माझ्या नियमाच्या आधी आणखी एक नियम हवा होता: संदेशाचा अर्थ नक्की होईपर्यंत डिस्कवर लिहिणारे काहीही चालवू नये.

ग्रबचा नसलेला दोष ग्रबवर टाकला जाण्याचे प्रकारही पुष्कळ आहेत. 'अलर्ट! यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट' (या ओळखसंख्येचे पार्टिशन सापडत नाही) असे दिसून 'इनिटरॅमएफएस'चा, म्हणजे कर्नलसोबत चढणाऱ्या छोट्या तात्पुरत्या प्रणालीचा, शेल (आज्ञा टाइप करण्याची जागा) उघडला, तर ग्रबने कर्नल (लिनक्सचा गाभा) चढवून आपले काम पूर्ण केलेले असते, तेथे ग्रब पुन्हा बसवून बहुधा काही साधत नाही. 'अनएबल टू माउंट रूट एफएस' असे म्हणून कर्नल पॅनिक आले (कर्नल जागीच थांबला), तर बूट पार्टिशन भरल्यामुळे नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल अर्धवट राहिली आहे का, हे मेनूतून जुना कर्नल निवडून पाहावे. साधे 'ग्रब' असे प्रॉम्प्ट आणि 'ग्रब रेस्क्यू' यांतही फरक आहे. पहिल्यात ग्रब पूर्ण चढलेले असते, पण बहुतेकदा त्याला मेनूची फाइल सापडलेली नसते. दुसऱ्यात त्याला स्वतःचे मॉड्यूलच (उरलेले भाग) सापडलेले नसतात, म्हणून तेथे मोजक्याच आज्ञा चालतात.

महापेकर

वाशीकरांचे एसबॅटचे उदाहरण मला मान्य करावे लागेल. तेथे माझा मार्ग चालला नसता. तरीही माझी मूळ हरकत कायम आहे. आपण सगळे वाचू शकणाऱ्यांबद्दल बोलत आहात. शिवाय बूट-रिपेअरमध्ये दुरुस्ती न करता केवळ अहवाल तयार करण्याची सोय आहे, हे येथे कोणी लिहिले नाही. त्या अहवालात पार्टिशन, बूट कोड, मेनूची फाइल आणि फर्मवेअरमधील नोंदी एकत्र मिळतात. 'शिफारस केलेली दुरुस्ती' हे बटण एका दमात अनेक गोष्टी बदलते आणि नंतर मूळ दोष कोणता होता हे शोधणे अवघड होते, हे मीही पाहिले आहे. परंतु घाबरलेल्या माणसाने अहवाल तेवढा काढावा आणि जाणकाराकडे पाठवावा, ही वाट त्याला टाइप करायला लावण्यापेक्षा सुरक्षित आहे.

वाशीकरांच्या उपायात एक धोकाही राहून गेला आहे. ज्या लॅपटॉपवर विंडोजने डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध केलेली आहे, तेथे सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती की हाताशी नसेल, तर लिनक्स मिळाले आणि विंडोजमधील सगळे अडकले, अशी अवस्था होते. अनेक नव्या लॅपटॉपवर हे कूटबद्धीकरण मालकाच्या नकळत चालू असते, म्हणून मी हे आग्रहाने लिहीत आहे.

वाशीकर

महापेकरांची दुरुस्ती योग्य आहे. मी तो उपाय लिहिताना हे पहिल्याच वाक्यात सांगायला हवे होते.

कळवेकर

अहवाल काढण्याची सूचनाही मी स्वीकारतो. अभ्यासिकेच्या भिंतीवर मी या आठवड्यात मराठीत एक तक्ता लावणार आहे. येथे आलेला प्रत्येक संदेश देवनागरीत, तो कोणत्या पायरीवरचा आहे ते, आणि त्या वेळी काय करू नये, एवढेच त्यात असेल. आज्ञा मी मुद्दाम लिहिणार नाही, कारण त्या ज्याच्या त्याच्या डिस्कनुसार बदलतात. सर्वांत वर दोन ओळी राहतील: 'पडद्याचा फोटो काढल्याशिवाय संगणक बंद करू नये' आणि 'सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकरची की कागदावर उतरवून घ्यावी'. घोडबंदरच्या बाईंनी मसुदा वाचून जेथे अर्थ लागणार नाही ती ओळ दाखवावी, अशी विनंती आहे.

घोडबंदर रोडच्या वाचक

अवश्य पाठवा. 'सेक्टर वाचता आला नाही' ही ओळ लाल अक्षरांत असावी आणि तिच्यापुढे 'संगणक बंद ठेवा, जाणकाराला बोलवा' याखेरीज दुसरे काहीही लिहू नये.