उ: मॉडेलवरून एस्टिमेट – कॉस्टएक्स की नेव्हिसवर्क्स?

रेव्हिटमध्ये बनवलेलं इमारतीचं थ्रीडी मॉडेल हातात आहे तर एस्टिमेटसाठी कॉस्टएक्स हे मोजमापाचं सॉफ्टवेअर घ्यावं की मॉडेल तपासायच्या नेव्हिसवर्क्समधलं क्वांटिफिकेशनच (मॉडेलवरून मोजमाप काढायची सोय) पुरे, असं विचारलंयत ना, त्याआधी एक बघा, आपल्याकडे मोजमाप आयएस १२०० (बांधकाम मोजण्याचं भारतीय मानक) प्रमाणे होतं आणि मॉडेलला ते माहीतच नसतं. प्लास्टरचंच घ्या, ०.५ चौ.मी. पर्यंतचं ओपनिंग (दार, खिडकी वगैरे) वजा करायचं नाही, ०.५ ते ३ चौ.मी. असेल तर दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असताना एकाच बाजूचं वजा करायचं, पण रेव्हिट सरळ सगळी भोकं वजा करून नेट एरिया देतं, म्हणजे बिलाच्या वेळी भांडण ठरलेलं. शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) तर बहुतेक मॉडेलमध्ये काढलेलंच नसतं! आरसीसीची (सळईच्या काँक्रीटची) कामं जास्त असतील तर क्युबिकॉस्ट या मोजमापाच्या सॉफ्टवेअरचा डेमो नक्की मागा, त्यात शटरिंग आपोआप निघतं. कॉस्टएक्सची जमेची बाजू म्हणजे टूडी ड्रॉइंगवरूनही मोजता येतं, कारण खरं सांगायचं तर पूर्ण मॉडेल मिळतं कुठे, अर्धी डिटेल्स पीडीएफमध्येच असतात. आणि डेमोला कंपनीचं नमुना मॉडेल अजिबात नको, आपलं एखादं झालेलं काम द्या आणि हाताने काढलेल्या मेजरमेंट शीटशी एकेक आयटम ताडून बघा.