१८८६ : अमेरिकेच्या दक्षिणेत दोन दिवसांत गेज बदललं, ते नेमकं कसं?

रूळवाट
३१ मे आणि १ जून १८८६ या दोन दिवसांत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमधल्या सुमारे ११,५०० मैल लोहमार्गाचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) ५ फुटांवरून ४ फूट ९ इंचांवर आलं. हा आकडा बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो, पण 'हजारो माणसं कामाला लावली' यापुढे कोणी जात नाही. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. इतके खिळे उपटून पुन्हा ठोकायला दोन दिवस कसे पुरले? इंजिनांच्या आणि डब्यांच्या चाकांचं काय केलं? आणि उत्तरेत ४ फूट साडेआठ इंच रूढ असताना यांनी ४ फूट ९ इंच का धरलं?

गँगमेट
पहिल्या प्रश्नाचं उत्तर तारखांमध्ये आहे. गेज किती आणि दिवस कोणता, हे कंपन्यांनी फेब्रुवारी १८८६ मध्ये अटलांटातल्या बैठकीत ठरवलं. मधले महिने तयारीत गेले. ३१ मे आणि १ जून हे दोन दिवस म्हणजे त्या कामाचं शेवटचं टोक.

सरकवायचं अंतर फक्त ३ इंच, म्हणजे ७६ मिमी. त्यामुळे दोन्ही रुळांना हात लावायची गरज नव्हती. एक रूळ जागेवर ठेवून दुसरा आत घ्यायचा. स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके) तेच, खडी तीच.

रूळ सरकण्याआधीचं काम असं. वर्षानुवर्षांच्या वाहतुकीने रुळाचा पाया लाकडी स्लीपरमध्ये रुतून खाच पडलेली असते. रूळ ३ इंच आत घेतला की तो अर्धा खाचेत आणि अर्धा उंचवट्यावर बसतो आणि कलतो. म्हणून वाकसाने नवी बैठक आधीच सपाट तासून घ्यायची. मग नव्या जागेचे आतले खिळे आधीच ठोकून ठेवायचे, पण पूर्ण नाही. खिळ्याच्या डोक्याखाली रुळाचा पाया सरकेल इतकी फट ठेवायची. हा खिळा जुन्या रुळाच्या पायापासून ३ इंच आत येतो आणि बुटका असतो, त्यामुळे चाकाची कड त्याच्या वरून निघून जाते आणि गाड्या चालू राहतात.

शेवटच्या एक-दोन दिवसांत सरकणाऱ्या रुळाचे जुने आतले खिळे उपटायला लागायचं आणि साधारण दर तिसऱ्या स्लीपरवरचा तेवढा ठेवायचा. मुख्य दिवशी उरलेले खिळे काढले, पहारींनी रूळ फिशप्लेटांसकट (रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांसकट) आत ढकलला, तो आधीच ठोकलेल्या खिळ्यांच्या डोक्यांखाली जाऊन थांबला आणि बाहेरून नवे खिळे ठोकले की झालं. जुने बाहेरचे खिळे मध्ये येत नाहीत. ते सावकाश काढता येतात. म्हणजे ज्या दिवशी वाहतूक बंद, त्या दिवशी प्रत्येक स्लीपरवर घणाचं काम अगदी थोडं उरतं.

चुका कुठे होतात तेही सांगतो. आतल्या खिळ्याची जागा सरकणाऱ्या रुळापासून ३ इंच मोजून ठरवली तर जुन्या गेजमधली वाढ-घट जशीच्या तशी नव्यात येते. गेजपट्टी (गेज मोजायची पट्टी) स्थिर रुळाला लावूनच खूण करायला हवी. दुसरं म्हणजे उपटताना गंजक्या खिळ्याचं डोकं तुटतं आणि खुंट वर राहतो. तो खाली ठोकला किंवा छाटला नाही तर रूळ तिथेच अडतो आणि पुढची सगळी टोळी खोळंबते. आणि जुन्या खिळ्यांच्या भोकांत लाकडी खुंट्या मारल्या नाहीत तर पाणी मुरून स्लीपर आतून कुजतो. याचा त्रास दोन दिवसांत दिसत नाही, दोन पावसाळ्यांनंतर दिसतो.

वाफयंत्र
चाकांबद्दल मी लिहितो.

गेज अरुंद करायचं होतं, हे नशीब म्हणायचं. डब्याच्या आसाची टोकं बेअरिंगमध्ये बसतात आणि चाकं त्यांच्या आत असतात. चाकं आत सरकवली तर बेअरिंग, बोगीची (डब्याखालच्या चाकांच्या गाड्याची) चौकट, स्प्रिंगा सगळं जागच्या जागी राहतं. गेज रुंद करायचं असतं तर चाकं थेट बोगीच्या चौकटीवर गेली असती.

चाक आसावर दाबून बसवलेलं असतं, त्यामुळे हायड्रॉलिक प्रेसवर ते आणखी आत ढकलता येतं. अट एकच, आसावरची चाकाची बैठक आतल्या बाजूला तेवढी लांब हवी. बैठक आखूड असेल तर पुढचा भाग जाडीला वेगळा लागतो आणि आस लेथवर घ्यावा लागतो. बदल येणार हे आधीपासून दिसत असल्यामुळे लांब बैठकीचे आस बनवायला सुरुवात झाली होती. चाकांबरोबर ब्रेकचे ठोकळेही आत घ्यावे लागतात, नाहीतर ते चाकाच्या कडेवर घासतात. घाईत नेमकं हेच राहून जाऊ शकतं.

इंजिनाचं काम जास्त कठीण. त्या इंजिनांची चौकट चाकांच्या आतल्या बाजूला आणि अग्निपेटी (इंधन जळतं ती पेटी) चौकटीच्या मध्ये. चौकट अरुंद करणं म्हणजे इंजिन नव्याने बांधणं. म्हणून चौकट तशीच ठेवून चालक चाकांचे (वाफेच्या जोरावर फिरणाऱ्या मोठ्या चाकांचे) पोलादी टायर, म्हणजे चाकावरची बाहेरची कडी, दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत घ्यायचे. टायर चाकापेक्षा व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाने लहान कातलेला असतो आणि तापवून चढवतात. दीड मीटर व्यासाला हा फरक दीड मिमी. पोलादाच्या प्रसरणाच्या हिशोबाने तेवढी ताण सुटायला ८०-८५ अंश तापमानवाढ लागते, पण सैलपणे सरकवायला त्याहून बरंच जास्त तापवावं लागतं. चाकाचा मधला भाग रुंद असेल तर काम तिथेच संपतं. तो अरुंद असेल तर टायर आतल्या बाजूला लोंबकळतो आणि चाकाचा मधला भागच बदलावा लागतो.

४ फूट ९ इंचांचं कारण पेनसिल्व्हेनिया रेलरोड. तिचं गेज तेच होतं आणि दक्षिणेच्या मालाला तिच्या मार्गांवर जायचं होतं. साडेआठ आणि नऊ इंचांत फरक १२.७ मिमी. चाकाची कड आणि रूळ यांच्यातल्या मोकळ्या जागेत तो सामावतो, म्हणून दोन्ही गेजचे डबे एकमेकांच्या मार्गांवर चालत. पुढे देखभालीच्या ओघात ते अर्धा इंच हळूहळू कमी केलं गेलं.

रूळवाट
दोघांचेही आभार, खूपच स्पष्ट झालं. पण सरळ मार्गाचं समजलं तरी वळणांवर रुळाची लांबी जुळणार नाही ना? आणि पॉइंट्सचं (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांचं) काय?

गँगमेट
बरोबर ओळखलंत, खरी डोकेदुखी तिथेच आहे.

वळणाचा बाहेरचा रूळ ७६ मिमी आत घेतला की त्याची त्रिज्या तेवढीच कमी होते. जादा होणारी लांबी म्हणजे ७६ गुणिले वळणाचा एकूण कोन, रेडियनमध्ये. ३० अंशांच्या वळणाला सुमारे ४० मिमी, ९० अंशांना जवळपास १२० मिमी. वळण किती तीव्र आहे याने फरक पडत नाही, मार्ग एकूण किती वळला तेवढंच मोजायचं. थोडी लांबी सांध्यांच्या फटींत मावते, पण तसं करणं चूक. जूनच्या दक्षिणेकडच्या उन्हात फटी बुजलेल्या असतील तर रूळ प्रसरण पावून आडवा वाकतो. आधी हिशोब करून वळणाच्या शेवटी आखूड कापलेला रूळ तयार ठेवणं हाच उपाय. आतला रूळ बाहेर घेतला तर उलटं होतं, तो कमी पडतो.

पॉइंट्सला हिशोब आणखी बिघडतो. साध्या पॉइंटमध्ये सुरुवातीपासून क्रॉसिंगपर्यंतचं (जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथपर्यंतचं) अंतर साधारण २ × गेज × क्रॉसिंगचा क्रमांक (क्रमांक जितका मोठा तितका छेद निमुळता). दहा क्रमांकाला ५ फुटांच्या गेजवर हे १०० फूट, ४ फूट ९ इंचांवर ९५. म्हणजे गेज ३ इंच बदललं की क्रॉसिंग ५ फूट सरकायला हवं आणि मधले वळते रूळ नव्याने कापायला हवेत. त्यामुळे मोठ्या यार्डाचा वेळ मैलांवर मोजून चालत नाही, तिथे पॉइंट किती आहेत ते आधी मोजावं लागतं.

पॉइंट्समन
तुलनेसाठी इंग्लंडमधल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं २१-२२ मे १८९२ चं काम पाहा. मार्ग सुमारे १७१ मैल आणि माणसं चार हजारांहून जास्त. दक्षिणेच्या मानाने मैल अगदी थोडे, पण तिथे ७ फूट पाव इंचावरून ४ फूट साडेआठवर यायचं होतं, म्हणजे ७०० मिमीहून जास्त सरकवणं. शिवाय रूळ त्यांच्याच दिशेने लांब टाकलेल्या लाकडांवर बसवलेले आणि ती लाकडं आडव्या तुळयांनी बांधलेली. त्यामुळे तुळया कापून रुळासकट अख्खं लाकूड आत ओढावं लागलं. दोन्ही कामांना 'दोन दिवसांत गेज बदललं' म्हणतात, पण श्रम सारखे नाहीत.

१८८६ बद्दल बोलताना मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याच वर्षी जुलैत आयोवातल्या बर्लिंग्टनला मालगाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या झाल्या. डबे सलग दूरवर जाऊ लागले की गाड्या लांबतात आणि निरनिराळ्या कंपन्यांचे डबे एका गाडीत येतात. ५० डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब. हवेच्या ब्रेकमध्ये गाडीभर जाणाऱ्या नळीतला दाब कमी झाला की ब्रेक लागतो. हा दाब पुढून कमी होत मागे पोहोचेपर्यंत पुढच्या डब्यांचे ब्रेक लागलेले असत आणि मागचे मोकळे डबे त्यांच्यावर आदळत. आपत्कालीन ब्रेक लावला की मागच्या टोकाला भयंकर हिसका बसे. १८८७ च्या फेरचाचण्यांनंतर ब्रेक बनवणाऱ्या वेस्टिंगहाउसने झडपच बदलली. आपत्कालीन वेळी प्रत्येक डब्याची झडप नळीतली हवा जागच्या जागी त्या डब्याच्याच ब्रेक सिलिंडरमध्ये सोडते. त्यामुळे तिथला दाब झटकन पडतो, शेजारची झडप लगेच उघडते आणि ब्रेक गाडीभर जवळजवळ एकदम लागतो. मे-जूनमध्ये सांधलेल्या जाळ्यावर लांब मालगाड्या सुरक्षित चालायला हीच झडप लागणार होती.