प्रीमियर प्रॉडक्शनमधील दोन प्रोजेक्टना एकच ओळखक्रमांक: दुरुस्ती कशी करावी?

प्रश्न (सहायक संकलक, पुणे)

नमस्कार. आम्ही एका माहितीपट-मालिकेचे संकलन ॲडोबी प्रीमियर प्रो या संकलन-सॉफ्टवेअरच्या ‘प्रॉडक्शन्स’ पद्धतीने, म्हणजे एकाच कामाचे अनेक प्रोजेक्ट एकमेकांशी जोडून, करीत आहोत. सर्व प्रोजेक्ट सामायिक सर्व्हरवर असून चार संगणकांवरून त्यांवर काम चालते. बिनची (क्लिपा ठेवण्याच्या कप्प्यांची) रचना आणि शीर्षकांचे साचे आयते मिळावेत म्हणून जुनी प्रोजेक्ट फाइल फाइंडरमध्ये (मॅकच्या फाइल-व्यवस्थापकात) कॉपी करून तिचे नाव बदलण्याची पद्धत येथे पूर्वीपासून आहे. आता ‘मुलाखती’ आणि त्यावरून काढलेला ‘मुलाखती भाग ४’ या दोन प्रोजेक्टचा ओळखक्रमांक एकच असल्याची सूचना येते. टाइमलाइनवरील क्लिपवर ‘रिव्हील इन प्रोजेक्ट’ (मूळ क्लिप दाखवण्याची आज्ञा) केले, तर कधी एक प्रोजेक्ट उघडतो, कधी दुसरा. नावे वेगळी असूनही असे का होते, आणि झालेले संकलन न गमावता हे कसे निस्तरावे?

उत्तर १ (पोस्ट-प्रॉडक्शन पर्यवेक्षक, मुंबई)

प्रोजेक्ट फाइल म्हणजे जीझिप पद्धतीने आवळलेली एक्सएमएल, म्हणजे खुणांनी रचलेल्या साध्या मजकुराची, फाइल असते आणि ओळखक्रमांक त्या मजकुराच्या आत लिहिलेले असतात. फाइंडर किंवा विंडोजचा एक्सप्लोरर फाइल उघडून पाहत नाही, जशीच्या तशी नक्कल करतो. त्यामुळे नाव बदलले तरी आतला क्रमांक तोच राहतो. असे क्रमांक योगायोगाने जुळण्याची भीती बाळगू नये. यूयूआयडी या ओळखक्रमांकाच्या प्रमाणित पद्धतीच्या यादृच्छिक प्रकारात १२८ पैकी १२२ बिट यादृच्छिक असतात, त्यामुळे दोन फाइलींत एकच क्रमांक आढळला की कोठेतरी नक्कल झाली आहे असेच समजावे.

एकट्याने एकाच प्रोजेक्टवर काम करताना याचा त्रास सहसा जाणवत नाही. प्रॉडक्शनमध्ये मात्र एका प्रोजेक्टमधील क्लिप दुसऱ्या प्रोजेक्टच्या सिक्वेन्समध्ये (टाइमलाइनवर रचलेल्या संकलनात) घातली, तर क्लिपची वेगळी प्रत तयार होत नाही. सिक्वेन्स ओळखक्रमांकाच्या आधारे मूळ प्रोजेक्टमधील क्लिपकडे निर्देश करतो. एकाच पत्त्यावर दोन घरे असावीत तशी आपली स्थिती झाली आहे.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी कोणत्या फाइलीचा क्रमांक कायम ठेवायचा, हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या प्रोजेक्टवर इतर भागांचे सिक्वेन्स अवलंबून आहेत त्याला, म्हणजे आपल्याकडे बहुधा ‘मुलाखती’ला, मुळीच धक्का लावू नये. हा निर्णय उलटा झाला, तर एका प्रोजेक्टची दुरुस्ती करताना अनेक भागांचे दुवे तुटतात.

सर्वांनी प्रीमियर बंद करावे आणि कोणतीही पीआरलॉक फाइल (प्रोजेक्ट कोणीतरी उघडला असल्याची खूण) उरलेली नाही याची खात्री करावी. त्यानंतर संपूर्ण प्रॉडक्शन फोल्डरचा बॅकअप घ्यावा, पण तो त्या फोल्डरच्या बाहेर, शक्यतो वेगळ्या डिस्कवर ठेवावा. आतच ठेवल्यास तेच क्रमांक पुन्हा एकदा प्रॉडक्शनमध्ये येतील. आता ‘मुलाखती भाग ४’ फोल्डरबाहेर हलवून प्रॉडक्शन उघडावे व जुन्या भागांतील काही क्लिपांवर ‘रिव्हील इन प्रोजेक्ट’ करून पाहावे. त्या दर वेळी ‘मुलाखती’कडेच जात असतील, तर प्रॉडक्शन पॅनलमधून कोरा प्रोजेक्ट तयार करावा आणि मीडिया ब्राउझरमधून, बाहेर ठेवलेल्या फाइलीतील हवे तेवढेच सिक्वेन्स व बिन त्यात आणावेत. नव्या प्रोजेक्टला स्वतःचा क्रमांक मिळालेला असतो. काही क्लिपा दुबार येतील, तेवढे स्वीकारावे लागेल.

एक्सएमएल उघडून क्रमांक हाताने बदलण्याचा सल्ला काही जण देतात. चालू कामावर तो मी कोणालाही देणार नाही, कारण फाइलीच्या आतील वस्तू एकमेकींना अशाच क्रमांकांनी जोडलेल्या असतात.

उत्तर २ (संकलक, नाशिक)

ॲव्हिड या दुसऱ्या संकलन-सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. तेथे प्रत्येक क्लिपला व सिक्वेन्सला ‘मॉब आयडी’ हा ओळखक्रमांक असतो आणि बिनची फाइल बाहेरून कॉपी केली की तोही सोबत येतो. ‘ॲटिक’मधून (ॲव्हिडच्या आपोआप साठवलेल्या बॅकअपच्या फोल्डरमधून) जुना बिन काढताना मूळ बिन आधी बंद करावा आणि हवा तो सिक्वेन्स उघडल्यानंतर ॲव्हिडच्या आतच त्याची प्रत करावी.

प्रश्नकर्त्याकडून

मनःपूर्वक आभार. आपण सांगितलेली रीत बॅकअपच्या प्रतीवर आधी करून पाहिली. जुने भाग व्यवस्थित आहेत. मात्र ‘मुलाखती भाग ४’मध्ये नंतर थेट आणलेल्या काही क्लिपा दुसऱ्या एका सिक्वेन्समध्ये वापरल्या होत्या. त्या टाइमलाइनवर नीट चालतात, पण त्यांची मूळ क्लिप सापडत नाही.

उत्तर १ (पुन्हा)

तसे होणे अपेक्षितच आहे. प्रोजेक्ट दूर गेला तरी फूटेज जागेवर आहे, त्यामुळे चित्र दिसते. केवळ मूळ क्लिपचा दुवा तुटलेला आहे. तो सिक्वेन्स असलेल्या प्रोजेक्टमध्ये ‘जनरेट सोर्स क्लिप्स’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे त्या क्लिपा तेथेच तयार होतील.

यापुढे नव्या भागासाठी केवळ साच्याचा एक स्वच्छ प्रोजेक्ट ठेवून त्याची प्रत प्रॉडक्शन पॅनलमधूनच काढावी. तसेच ऑटो-सेव्हमधील फाइल परत आणताना ती चालू फाइलीच्या शेजारी ठेवू नये, आणि त्या फोल्डरवर क्लाउड-सिंक चालू असेल तर ते बंद करावे. एकच फाइल दोन संगणकांवर बदलली गेली की अनेक सिंक-सॉफ्टवेअरे दुसरी प्रत आपणहून बाजूला ठेवतात, आणि ती आतल्या क्रमांकासह ठेवतात.